निकृष्ट वस्तू आणि गिफेन वस्तू: फरक ओळखायचा कसा?

अर्थशास्त्र नव्याने शिकणाऱ्याची गाडी मागणीच्या नियमापर्यंत सुरळीत चालते. किंमत वाढली की मागणी घटते, किंमत उतरली की मागणी वाढते. यात न पटण्यासारखं काही नसतं. मग नियमाचे अपवाद येतात आणि त्यांत एक ओळ हमखास भेटते: ‘निकृष्ट वस्तू किंवा गिफेन वस्तू’. घोळ सुरू होतो तो त्या ‘किंवा’पाशी. दोन्ही नावं एकाच वस्तूची आहेत असं डोक्यात बसतं आणि पुढे उत्पन्न परिणाम, पर्यायता परिणाम आले की सगळं एकमेकांत मिसळून जातं.

मी हा विषय शिकवतो आणि हाच गोंधळ वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांत पाहत आलो आहे. मुलं हुशार असतात, पाठांतर चोख असतं, पण ‘निकृष्ट वस्तूची किंमत वाढली तर काय होईल?’ असं विचारलं की निम्मी मुलं ‘मागणी वाढेल’ असं ठामपणे लिहितात. हे उत्तर बहुतेक वेळा चूक आहे. ते चूक का, हे एकदा समजलं की पुन्हा विसरायला होत नाही. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. मधली पायरी गाळू नका, विशेषतः हिशेबाची.

पायरी १: दोन प्रश्न वेगळे लिहा

कागदावर वरच्या अर्ध्या भागात लिहा: माणसाचं उत्पन्न बदललं, किंमत तीच राहिली, तर तो ही वस्तू कमी घेईल की जास्त? खालच्या अर्ध्या भागात लिहा: वस्तूची किंमत बदलली, हातातले पैसे तेवढेच राहिले, तर तो ती कमी घेईल की जास्त?

निकृष्ट वस्तू हे वरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्पन्न वाढल्यावर जिची खरेदी घटते आणि उत्पन्न घटल्यावर जिची खरेदी वाढते, ती निकृष्ट. या व्याख्येत किमतीचा उल्लेखच नाही.

गिफेन वस्तू हे खालच्या प्रश्नाचं उत्तर आहे. इतर सगळं कायम असताना किंमत वाढल्यावर जिची खरेदी वाढते आणि किंमत उतरल्यावर घटते, ती गिफेन. या व्याख्येत उत्पन्न बदलल्याचा उल्लेख नाही.

आलेख काढत असाल तर हेच दोन वेगळ्या आकृत्यांत दिसतं. उत्पन्न आणि खरेदी यांचा संबंध दाखवणाऱ्या वक्राला एंगेल वक्र म्हणतात. निकृष्ट वस्तूच्या बाबतीत तो उत्पन्न वाढताना उताराला लागतो. किंमत आणि खरेदी यांचा संबंध मागणी वक्र दाखवतो. गिफेन वस्तूच्या बाबतीत तो नेहमीसारखा खाली न उतरता, निदान काही टप्प्यात, वर चढतो. परीक्षेत चुकीची आकृती काढली जाते ती याच गल्लतीमुळे: निकृष्ट वस्तूचं उदाहरण देऊन शेजारी चढता मागणी वक्र काढला जातो.

पायरी २: ‘निकृष्ट’ या शब्दाने फसू नका

हा शब्द दुर्दैवी आहे. तो ऐकला की वाईट, खराब, टाकाऊ असं काहीतरी मनात येतं. अर्थशास्त्रात त्याचा दर्जाशी थेट संबंध नाही. वस्तू उत्तम टिकाऊ असू शकते, आरोग्याला चांगली असू शकते आणि तरीही पैसे वाढल्यावर लोक तिच्यापासून दूर जात असतील तर ती निकृष्ट. बसचा प्रवास घ्या. बस वाईट नसते, पण स्वतःची गाडी परवडू लागली की अनेक जण बसने कमी जातात. त्यांच्यापुरता बसप्रवास निकृष्ट ठरतो. दुसरा कोणी गाडी परवडत असूनही बसनेच जातो आणि पगारवाढीनंतर फिरणं वाढल्यामुळे बसने जास्त जातो. त्याच्यासाठी तोच प्रवास सर्वसाधारण वस्तू, म्हणजे उत्पन्न वाढल्यावर जिची खरेदी वाढते अशी वस्तू.

म्हणजे निकृष्टपणा वस्तूच्या अंगात नसतो. तो त्या माणसाच्या त्या उत्पन्नाच्या टप्प्यावर असतो. अगदी गरीब माणसाचं उत्पन्न थोडं वाढलं तर तो आधी तेच स्वस्त अन्न पोटभर खाईल, म्हणजे त्याची खरेदी वाढेल. आणखी उत्पन्न वाढलं की त्याच अन्नाची जागा दुसरं काही घेईल. एकच वस्तू, एकच माणूस, पण आधी सर्वसाधारण आणि नंतर निकृष्ट.

इथे आणखी एक खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले पडतात. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून दाखवलं की उत्पन्न जसं वाढतं तसा एकूण खर्चातला अन्नाचा वाटा कमी होत जातो. यावरून ‘अन्न निकृष्ट आहे’ असा निष्कर्ष काढू नका. वाटा घटणं आणि खरेदी घटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, एका घराचं उत्पन्न १०० नाण्यांवरून २०० झालं आणि अन्नाचा खर्च ५० वरून ८० झाला. वाटा निम्म्यावरून ४० टक्क्यांवर आला, पण खर्च वाढलाच आहे. असं अन्न निकृष्ट नव्हे, ती गरजेची वस्तू आहे. निकृष्ट म्हणायचं तर घेतलेलं प्रमाणच कमी व्हायला हवं.

पायरी ३: किंमत वाढते तेव्हा दोन गोष्टी घडतात

आता किमतीकडे वळू. एखाद्या वस्तूची किंमत वाढली की गिऱ्हाईकाच्या बाजूने एकाच वेळी दोन बदल होतात.

एक, ती वस्तू दुसऱ्या वस्तूंच्या तुलनेत महाग होते. त्यामुळे माणूस जमेल तिथे तिच्याऐवजी दुसरं काही घेऊ पाहतो. हा पर्यायता परिणाम. याची दिशा कधी बदलत नाही. किंमत वाढली तर तो खरेदीला खालीच ओढतो, फार तर शून्य असतो. वस्तू निकृष्ट असो, गरजेची असो की चैनीची, इथे काही फरक पडत नाही.

दोन, माणूस त्या प्रमाणात गरीब होतो. पगार तोच, पण त्या पगारात पूर्वीइतकं सामान येत नाही. हा उत्पन्न परिणाम. याची दिशा मात्र वस्तूवर अवलंबून असते. सर्वसाधारण वस्तू असेल तर गरीब झालेला माणूस ती कमी घेतो. निकृष्ट असेल तर जास्त घेतो.

या दोन परिणामांची गणिती फोड रशियन अर्थशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की यांनी १९१५ मध्ये एका इटालियन नियतकालिकात मांडली. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. १९३४ मध्ये जॉन हिक्स आणि आर. जी. डी. ॲलन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तीच वाट शोधली. आज पाठ्यपुस्तकात ‘स्लुत्स्की समीकरण’ म्हणून येतं ते हेच.

सर्वसाधारण वस्तूच्या बाबतीत दोन्ही परिणाम एकाच दिशेला ओढतात, म्हणून किंमत वाढली की खरेदी नक्की घटते. निकृष्ट वस्तूच्या बाबतीत ओढाताण होते. पर्यायता परिणाम म्हणतो कमी घे, उत्पन्न परिणाम म्हणतो जास्त घे. कोण जिंकतं यावर सगळं ठरतं. बहुतेक वेळा पर्यायता परिणाम जिंकतो. मग वस्तू निकृष्ट असूनही मागणीचा नियम पाळते. क्वचित उत्पन्न परिणाम जिंकतो आणि तेव्हाच ती वस्तू गिफेन ठरते.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. गिफेन असायला उत्पन्न परिणाम उलटा असावाच लागतो, म्हणजे प्रत्येक गिफेन वस्तू निकृष्ट असतेच. पण निकृष्ट वस्तू गिफेन असेलच असं नाही. आणि मागणीच्या नियमाला अपवाद ठरते ती फक्त गिफेन वस्तू. साधी निकृष्ट वस्तू नियमाच्या आतच राहते. सुरुवातीला सांगितलेलं ते उत्तर चूक ठरतं ते इथे.

पायरी ४: हिशेब स्वतः करून पाहा

शब्दांनी पटत नसेल तर आकड्यांनी पटेल. पेन घ्या आणि माझ्याबरोबर करा.

एका माणसाकडे महिन्याला अन्नासाठी ६० नाणी आहेत. पोट भरायला त्याला महिन्याला ३० किलो अन्न लागतं, त्याखाली त्याला जाता येत नाही. बाजारात दोनच प्रकार आहेत. मुख्य धान्य १ नाणं किलो, आणि त्याला अधिक आवडणारं चांगलं अन्न ४ नाणी किलो. पोट दोन्हींनी सारखंच भरतं. साहजिकच तो चांगलं अन्न जितकं जमेल तितकं घेतो आणि उरलेली भूक धान्याने भागवतो.

सगळं धान्यच घेतलं तर ३० नाणी लागतील आणि ३० उरतील. धान्याचा एक किलो काढून त्या जागी चांगलं अन्न घ्यायला ३ नाणी जास्त लागतात. म्हणजे उरलेल्या ३० नाण्यांत तो १० किलो बदलू शकतो. त्याची थाळी ठरली: २० किलो धान्य, १० किलो चांगलं अन्न. खर्च २० अधिक ४०, बरोबर ६०.

आता धान्य १ वरून दीड नाण्यावर गेलं. बाकी सगळं तसंच. सगळं धान्य घेतलं तर ४५ नाणी लागतील, १५ उरतील. एक किलो बदलायला आता अडीच नाणी लागतात. १५ नाण्यांत ६ किलो बदलता येतात. नवी थाळी: २४ किलो धान्य, ६ किलो चांगलं अन्न. खर्च ३६ अधिक २४, पुन्हा ६०.

धान्य महाग झालं आणि धान्याची खरेदी २० किलोवरून २४ किलो झाली. यात माणसाने काही विचित्र केलं का? अजिबात नाही. पोटाला चिमटा काढता येत नाही, म्हणून त्याने चवीला चिमटा काढला. महागाईने त्याच्या हातून चांगलं अन्न काढून घेतलं आणि ती पोकळी महाग झालेल्या, तरीही सर्वांत स्वस्त असलेल्या धान्याने भरून निघाली. गिफेन वस्तूचं सगळं मर्म या चार किलोंत आहे.

आता दोन्ही परिणाम वेगळे करू. पूर्वीची थाळी नव्या भावात घ्यायला ७० नाणी लागली असती, कारण २० किलोंवर किलोमागे अर्धं नाणं वाढलं. समजा कोणी त्याला ती १० नाणी भरपाई म्हणून दिली. मग ७० नाण्यांत तो काय घेईल? सगळं धान्य ४५ नाण्यांचं, उरली २५, अडीचच्या हिशेबाने १० किलो बदलता आले. थाळी जशीच्या तशी: २० आणि १०. म्हणजे भरपाई मिळाल्यावर धान्याची खरेदी हललीच नाही, पर्यायता परिणाम शून्य. भरपाईची १० नाणी काढून घेतली की २० चे २४ होतात. हा सगळा उत्पन्न परिणाम. या उदाहरणात ३० किलोची अट घट्ट बांधली आहे म्हणून पर्यायता परिणाम अगदी शून्य आला. खऱ्या आयुष्यात तो थोडाफार असतो.

धान्य निकृष्ट आहे ना, हेही तपासा. भाव १ वरच ठेवा आणि नाणी ६० ऐवजी ४५ करा. १५ उरतात, ३ च्या हिशेबाने ५ किलो बदलता येतात. धान्य २५ किलो. उत्पन्न घटलं, धान्य २० चं २५ झालं. होय, निकृष्ट आहे.

या हिशेबातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढे आहे. त्याच दोन भावांत तीन वेगळी माणसं बसवा. ज्याच्याकडे ३० च नाणी आहेत तो आधी ३० किलो धान्य घेत होता. भाव दीड झाल्यावर त्याला २० किलोच मिळतं. त्याची खरेदी घटली, आणि ती घट म्हणजे भूक आहे. ज्याच्याकडे ६० आहेत त्याची वाढली. ज्याच्याकडे १५० आहेत तो १२० नाण्यांत तीसही किलो चांगलं अन्नच घेतो, त्याला धान्याच्या भावाशी देणंघेणं नाही. म्हणजे गिफेन वर्तन अगदी तळाच्या माणसात दिसत नाही आणि सुखवस्तू माणसातही दिसत नाही. ते मधल्या एका अरुंद पट्ट्यात दिसतं, जिथे हातातोंडाची गाठ पडते, पण चांगल्या अन्नासाठी थोडे पैसे अजून शिल्लक असतात. कापायला काहीतरी असेल तरच माणूस ते कापून धान्य वाढवू शकेल.

पायरी ५: गिफेन व्हायची शक्यता किती, हे आधीच जोखा

प्रत्येक वेळी एवढा हिशेब करायची गरज नाही. पहिली चाचणी वाट्याची. ती वस्तू माणसाच्या खर्चाचा किती भाग खाते?

एका माणसाचं उत्पन्न १,००० नाणी आहे आणि एका निकृष्ट वस्तूवर तो २० खर्च करतो, म्हणजे २ टक्के. तिची किंमत १० टक्क्यांनी वाढली तर त्याला २ नाण्यांचा फटका बसतो. तो ०.२ टक्के गरीब झाला. वस्तू कितीही निकृष्ट धरा. उत्पन्न १ टक्का घटल्यावर खरेदी २ टक्के वाढते इतकी धरली, तरी उत्पन्न परिणामाने खरेदी ०.४ टक्केच वाढेल. दहा टक्के महागाईला पर्यायता परिणाम याहून जास्त असायला फारसं काही लागत नाही. जुने कपडे, हलका साबण, स्वस्त चपला या वस्तू निकृष्ट असल्या तरी गिफेन का नसतात, याचं उत्तर हे आहे.

उलट खर्चाचा निम्मा भाग खाणारी वस्तू घ्या. किंमत १० टक्के वाढली की माणूस ५ टक्के गरीब होतो. उत्पन्न १ टक्का घटल्यावर खरेदी ०.६ टक्केच वाढते असं धरलं तरी उत्पन्न परिणाम ३ टक्क्यांचा होतो. आता सामना खरा होतो.

दुसरी चाचणी पर्यायांची. त्याच कामाला येणारी, त्याहून स्वस्त दुसरी वस्तू आहे का? असली तर माणूस तिकडे वळेल आणि गिफेनची शक्यता संपली. गिफेन वस्तू महाग होऊनही त्या गरजेपुरती सर्वांत स्वस्तच राहावी लागते. बसप्रवास अनेकांसाठी निकृष्ट असतो, पण सायकल आहे, चालणं आहे, न जाणंही आहे. पोट भरण्याला मात्र ‘न भरणं’ हा पर्याय नसतो, म्हणून या विषयात पुन्हा पुन्हा मुख्य अन्नच येतं.

पायरी ६: तोतया गिफेन ओळखा

‘भाव वाढला आणि खपही वाढला’ एवढ्यावर गिफेनचा शिक्का मारू नका. अशी दृश्यं बाजारात रोज दिसतात आणि त्यांतली जवळपास सगळी दुसऱ्या कारणांची असतात.

सर्वांत जास्त गल्लत प्रतिष्ठेच्या वस्तूंशी होते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. महाग आहे म्हणूनच काही वस्तू घेतल्या जातात, कारण त्या महाग आहेत हे चारचौघांना दिसतं. तिथे किंमत हाच वस्तूच्या आकर्षणाचा भाग होतो. गिफेनमध्ये असं काही नसतं. गिफेन वस्तू घेणाऱ्याला ती किंमत अजिबात नको असते, ती उद्या उतरली तर तो सुटकेचा श्वास टाकेल. एकीकडे मिरवणं, दुसरीकडे नाइलाज. या दोघांना एकाच रकान्यात बसवणं मला नेहमी खटकतं.

उद्या आणखी भडकेल या भीतीने केलेली साठवणूक हीही गिफेन नव्हे. तिथे अपेक्षा बदललेली असते. महाग म्हणजे दर्जेदार असं समजून केलेली खरेदीही नव्हे, कारण तिथे वस्तूविषयीचं मत बदललेलं असतं. आणि अनेकदा तर मागणी वाढली म्हणून भाव वाढलेला असतो, आपण मात्र भाव वाढला म्हणून मागणी वाढली असं उलटं वाचतो. त्या वेळी अख्खा मागणी वक्र उजवीकडे सरकलेला असतो, म्हणजे त्याच किमतीला लोक आधीपेक्षा जास्त घेऊ लागलेले असतात. गिफेन म्हणजे त्याच वक्रावरून वर जाणं, वक्र सरकणं नव्हे. ‘इतर परिस्थिती कायम’ हे शब्द इथे पाठांतराचे राहत नाहीत, सगळा निकाल त्यांच्यावर असतो.

गिफेन हे नाव कुठून आलं, आणि पुरावा कुठे आहे

रॉबर्ट गिफेन हे स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञ आणि पत्रकार, जन्म १८३७, मृत्यू १९१०. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथाच्या १८९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांच्या नावाने एक निरीक्षण नोंदवलं: पाव महागला की गरीब कामकरी कुटुंबांवर एवढा ताण येतो की त्यांना मांस आणि इतर महाग अन्न कमी करावं लागतं, आणि पाव तरीही सर्वांत स्वस्त असल्यामुळे ती तो जास्त खातात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४७ मध्ये या विरोधाभासाचा इतिहास तपासला, तेव्हा खुद्द गिफेन यांच्या लेखनात हे विधान त्यांना सापडलं नाही. अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी तर १९०९ मध्येच म्हटलं होतं की अशी गोष्ट मानायची तर पुरावा फार भक्कम हवा.

तरीही पाठ्यपुस्तकांत एक उदाहरण घट्ट रुजलं: १८४५ पासूनच्या आयर्लंडच्या दुष्काळातले बटाटे. भाव वाढला आणि लोकांनी बटाटे जास्त खाल्ले, असं सांगितलं जातं. जरा थांबून विचार करा. रोगाने बटाट्याचं पीकच नष्ट झालं होतं. जे पिकलंच नाही ते लोक जास्त कसं खातील? १९८४ मध्ये जेराल्ड ड्वायर आणि कॉटन लिंडसे यांनी याच मुद्द्यावर हे उदाहरण मोडीत काढलं. ज्या दुष्काळात माणसं लाखोंनी मेली, त्याचं चुकीचं उदाहरण आपण वर्गात सहज फेकावं, हे मला योग्य वाटत नाही. उत्तरात आयर्लंड लिहीत असाल तर निदान हा आक्षेपही लिहा.

भरवशाचा पुरावा अलीकडचा आहे. १९९१ मध्ये बटालियो, कागेल आणि कोगुट यांनी उंदरांवरच्या प्रयोगात गिफेन वर्तन दाखवलं. माणसांच्या बाबतीत रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांचा २००८ चा अभ्यास आजही सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. चीनच्या हुनान आणि गान्सू प्रांतांतली सुमारे १,३०० अत्यंत गरीब कुटुंबं त्यांनी निवडली. काही कुटुंबांना पाच महिने कुपनं दिली, ज्यांमुळे मुख्य अन्न अर्ध्या किलोमागे ०.१०, ०.२० किंवा ०.३० युआनने स्वस्त मिळे. हुनानमध्ये तांदळावर, गान्सूत गव्हाच्या पिठावर. कोणाला कुपन मिळणार आणि कोणाला नाही हे सोडतीसारखं ठरवलं, म्हणून भावाशिवाय दुसरं काही बदललं असण्याचा संशय उरला नाही.

हुनानमध्ये तांदूळ स्वस्त झाल्यावर कुटुंबांनी तो कमी खाल्ला, आणि सवलत उठल्यावर पुन्हा जास्त. गव्हाच्या बाबतीत पुरावा तुलनेने कमकुवत निघाला. आणि हे वर्तन सर्वांत गरीब घरांत सापडलं नाही, त्यांच्या थोडं वर असलेल्या घरांत सापडलं. आपल्या हिशेबातली ३० आणि ६० नाण्यांची माणसं आठवा.

याच दोघांनी २०११ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: त्या सवलतींमुळे कुटुंबांचं पोषण सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. वाचलेले पैसे चवीकडे गेले असावेत. गरिबांसाठी एखादं धान्य स्वस्त केलं की ते जास्त खाल्लं जाईल, असं गृहीत धरणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

पायरी ७: सराव

पहिलं. पगार वाढल्यावर एक कुटुंब जुने कपडे घेणं कमी करतं. जुन्या कपड्यांचा भाव वाढल्यावरही ते कमीच घेतं. पहिल्या वाक्यावरून वस्तू निकृष्ट, दुसऱ्यावरून गिफेन नाही.

दुसरं. एका औषधाची किंमत दुप्पट झाली, रुग्णांनी तेवढंच घेतलं. इथे दोन्ही शब्द लागू नाहीत. मागणी अलवचिक आहे, म्हणजे किंमत बदलली तरी खरेदी फारशी हलत नाही, एवढंच. उत्पन्नाबद्दल आपल्याला काही सांगितलेलंच नाही.

तिसरं. इंधन महाग झालं, त्याच महिन्यात बसभाडंही वाढलं आणि बसला गर्दी वाढली. दोन किमती एकदम बदलल्या, म्हणून निकाल देता येत नाही. गाडी चालवणं महागल्यामुळे लोक बसकडे वळले असतील, तर बसप्रवासाचा मागणी वक्र सरकला.

चौथं जरा अवघड आहे. एका माणसाला महिन्याला ४० फेऱ्या कराव्याच लागतात. साध्या वर्गाची फेरी २ नाण्यांना, आरामदायी वर्गाची ५ नाण्यांना, आणि प्रवासासाठी त्याने ११० नाणी बाजूला काढली आहेत. जमेल तितका तो आरामात जातो, म्हणजे ३० फेऱ्या साध्या, १० आरामदायी. साध्या वर्गाचं भाडं अडीच नाणी झालं. चाळीसही फेऱ्या साध्या केल्या तर १०० जातात, १० उरतात, एक फेरी वरच्या वर्गात न्यायला अडीच लागतात. म्हणून आरामदायी ४, साध्या ३६. भाडं वाढलं आणि साध्या फेऱ्या ३० च्या ३६ झाल्या, गिफेनचंच चित्र. अन्नाचा किंवा भुकेचा इथे संबंधही नाही. पण निकाल लिहिण्याआधी विचारा की ती ११० नाणी खरोखर ठाम आहेत का. दुसऱ्या खर्चातून १५ नाणी इकडे वळवायची त्याची तयारी असेल, तर तो पूर्वीसारखाच ३० आणि १० फेऱ्या करत राहील आणि साध्या वर्गाची मागणी जिथल्या तिथे राहील.